उत्तरेचा बाण

२०१४ सालच्या मार्च महिन्यात त्या घराचा अर्धा भाग उतरवायचं ठरलं. कोणता अर्धा, ते ठरलेलं नव्हतं.

घर न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनपासून गाडीने दोन तासांवर, डोंगररांगेच्या पलीकडे, मेंढ्यांच्या कुरणांत उभं होतं. आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या धाकट्या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधलं. आदल्या वर्षीच्या भूकंपात त्याची तीन धुराडी पडली आणि जोत्याखालचे लाकडी खुंट एका बाजूला कलले. इंजिनिअरने पाहणी करून लिहून दिलं की सगळं घर सावरणं होणार नाही. पुढचा भाग किंवा मागचा भाग, दोहोंपैकी एक राखता येईल.

घरात शहाऐंशी वर्षांच्या एक बाई एकट्या राहत होत्या. लग्न होऊन त्या तिथे आल्या त्याला साठ वर्षं झाली होती. त्यांना मागचा भाग हवा होता, कारण त्या मागच्या भागात राहत होत्या. कौन्सिलच्या वारसा विभागाला पुढचा हवा होता, कारण बघण्यासारखं जे होतं ते सगळं पुढे होतं. पुढचा राहिला असता तर बाईंना गावातल्या वृद्धाश्रमात जावं लागलं असतं. शेती पाहणाऱ्या त्यांच्या पुतण्याने तिथे चौकशी करून ठेवली होती.

माझं काम घराचं वर्णन लिहिण्याचं होतं. पुण्यात एका दैनिकात सहा वर्षं उपसंपादक म्हणून काढल्यावर २०११ मध्ये मी वेलिंग्टनला शिकायला आले, आणि नंतर जुन्या इमारतींचे अहवाल तयार करणाऱ्या तीन टेबलांच्या एका कचेरीत लागले. काम ओळखीचं होतं. काय आहे, कुठे आहे, कधीचं आहे, मग तपशील, मत कुठेही नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत बाबा माझ्याकडे आले होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर. सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच फेरी. सकाळी ते टेकडी उतरून लायब्ररीत जात, दुपारी बसने वर येत, आणि बस किती मिनिटं उशिरा आली ते एका वहीत लिहीत. लेकीच्या घरी आपण काहीच करत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं. वहीच्या तीन पानांवर फक्त बस होत्या.

मी घराबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मापं कोण घेणार?"

"मापं नाहीत यात. नुसतं वर्णन आहे."

"नकाशाशिवाय वर्णन? म्हणजे भव्य, प्रशस्त वगैरे?"

"भव्य लिहीत नाही मी."

"मग काय लिहिणार?"

"मोठं."

"किती मोठं?"

पुढच्या शनिवारी ते गाडीत पुढच्या सीटवर बसले. मांडीवर क्लिपबोर्ड, पायांशी तीस मीटरचा टेप, ओळंबा आणि ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. स्वेटरच्या आत टाय होता.

बाई दारात उभ्या होत्या, पुढच्या नव्हे, मागच्या. त्यांनी टाय पाहिला, क्लिपबोर्ड पाहिला आणि म्हणाल्या, "अरे देवा. इन्स्पेक्टर आले." त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी बाबांना दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. बाबा त्यांना मॅडम म्हणत.

त्या वर्षी मार्च ते जुलै असे बहुतेक सगळे शनिवार आम्ही तिथे होतो. सकाळी सातला निघायचं, डोंगरावर धुकं असायचं, माथ्यावरच्या वळणाला थांबून थर्मासमधला चहा प्यायचा, आणि नऊच्या सुमाराला घराचा पत्रा दिसायचा. पत्र्याला पाटीच्या दगडासारखा करडा रंग दिलेला होता. आता तो रंग आठवायचा तर मला चहाची चवही आठवते. बाबा आलं जास्त घालत.

पुढचा भाग दुमजली होता. दर्शनी भिंतीत वर पाच खिडक्या, खाली मधे दार. दारापुढे चार खांबांची पडवी आणि तिथवर जायला नऊ पायऱ्या. बांधणाऱ्याच्या वडिलांच्या आयर्लंडमधल्या घराची ही नक्कल होती; त्या मूळ घराला वाइन आणि कोळसा ठेवायला तळघर होतं, म्हणून त्याचं जोतं उंच. इथे जमिनीत लवकर पाणी लागतं, त्यामुळे तळघर झालं नाही. पायऱ्या मात्र झाल्या. जोत्यावर तळघराच्या बुटक्या खिडक्याही होत्या. बाबांनी एकीची झडप उघडली तर मागे सपाट फळी निघाली. त्यांनी ती बंद केली आणि नकाशात लिहिलं: खिडकी, दिखाऊ.

मूळ घर चुनखडीच्या दगडाचं. इथे जवळपास तसा दगड नव्हता, इथल्या टोटारा झाडाचं लाकूड होतं. म्हणून फळ्या चिऱ्यांच्या मापात कापल्या, त्यांच्या कडा तासल्या, आणि रंग ओला असताना त्यावर बारीक वाळू फेकली. रस्त्यावरून घर दगडी दिसे. आतल्या दालनात काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या. त्याही लाकडावर रंगवलेल्या. जिना भिंतीला धरून वळत वर जाई आणि त्याच्यावर छपरात लंबगोल काच होती. दालनाच्या एका बाजूला जेवणघर, दुसऱ्या बाजूला दिवाणखाना. दिवाणखान्याची बाहेरची भिंत अर्धगोल काढलेली होती आणि त्या गोलाईत जमिनीपासून वरपर्यंत तीन उंच खिडक्या बसवल्या होत्या. लाकूड वाफेवर वाकवून केलेल्या चौकटी. त्या खिडकीपुढे बाबा बराच वेळ टेप न उघडता उभे राहिले.

"हे काम करणारे सुतार आमच्या खात्यात मी दोनच पाहिले," ते म्हणाले.

शेकोटीच्या बाजूला भिंतीत पितळी मूठ होती. त्यांनी ती ओढली. लांब कुठेतरी घंटा वाजली, आणि पाठोपाठ बाईंचा आवाज आला, "आले हं, साहेब! चहा घेणार की शेरी?"

बाबा दचकले. "सॉरी मॅडम. आय वॉज ओन्ली टेस्टिंग."

"साठ वर्षांत या घरात मला कुणी घंटा वाजवून बोलावलं नव्हतं," बाई बोळातून येत म्हणाल्या. "माझ्या सासूचीसुद्धा छाती झाली नाही. पहिले तुम्हीच."

मागचा भाग बैठा होता. मोठं स्वयंपाकघर, कोठीची खोली, धुण्याची खोली, आणि पूर्वी नोकर राहत त्या तीन लहान खोल्या. इथे दगडाची नक्कल नव्हती. साध्या फळ्या, साधा रंग. स्वयंपाकघरात दोन लहान खिडक्या होत्या, मुद्दाम उंचावर ठेवलेल्या, म्हणजे काम करणाऱ्या बायकांनी बाहेर बघत बसू नये. लोखंडी चूल दिवसभर पेटलेली असे. कोळसा, लोकर आणि भाजलेल्या पिठाचा वास येई. रेडिओवर रग्बीची मॅच लागलेली असे आणि बाई ती ऐकत नसत. बाईंची एक वेताची खुर्ची होती. सकाळी ती कोठीच्या दाराशी असायची, दुपारी टेबलाजवळ, तीन वाजता भांड्यांच्या कपाटापाशी. खिडक्यांतून पडणारे उन्हाचे दोन चौकोन जसे सरकत तशा बाई खुर्ची सरकवत.

कुटुंबाने पुढच्या भागात राहणं कधी सोडलं, याची नक्की तारीख मिळाली नाही. बाईंच्या सांगण्याप्रमाणे, त्या लग्न होऊन आल्या तेव्हाही दिवाणखाना वर्षातून दोनदाच उघडला जाई, नाताळला आणि कुणी वारलं तर. "तिथे माझा नवरासुद्धा आपल्या बापाच्या अंत्यविधीला दोन कोट घालून बसला होता," त्या म्हणाल्या.

घर असं का होतं, याचं उत्तर बोळात भिंतीवर टांगलेलं होतं. घर बांधणाऱ्याने आयर्लंडहून वडिलांच्या घराचा नकाशा आणला होता. कापडावर चिकटवलेला कागद, शाई तपकिरी झालेली, कोपऱ्यात दिशा दाखवणारा नक्षीदार बाण. तिकडे सूर्य दक्षिणेकडून जातो. म्हणून दिवाणखाना आणि ती अर्धगोल खिडकी दक्षिणेला, ऊन घ्यायला. आणि स्वयंपाकघर, कोठी उत्तरेला, गार राहायला. धाकट्या मुलाने न्यूझीलंडमध्ये नकाशातला बाण उत्तरेकडे धरला आणि घर जसंच्या तसं उभं केलं. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. दिवाणखान्यात ऊन कधी आलं नाही. दक्षिणेचा गार वारा मात्र थेट आला. कोठीतलं मांस पहिल्याच उन्हाळ्यात नासलं, असं घरात सांगत.

हे मी आज सरळ लिहिते आहे. त्या एप्रिलमध्ये आमच्या अहवालात ते नेमकं उलटं लिहिलं गेलं.

झालं ते असं. पहिल्याच शनिवारी जेवणाआधी बाबा मागच्या अंगणात गेले. त्यांचं होकायंत्र पुण्यात कपाटात राहिलं होतं आणि फोनमधल्या होकायंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांची पद्धत सोपी होती: दुपारी सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, तोंड उत्तरेला. सोलापूरपासून नंदुरबारपर्यंत खात्याची किती विश्रामगृहं, किती शाळा, किती दवाखाने त्यांनी असे कागदावर आणले होते. त्यांनी सूर्याकडे पाठ केली, समोर बघितलं, आणि कागदाच्या कोपऱ्यात बाण काढून वर 'उ' लिहिलं. बाण दक्षिणेकडे होता. पुढच्या पाच आठवड्यांत काढलेल्या सहाही नकाशांवर तो तसाच उतरला.

बोळातल्या जुन्या नकाशाशी त्यांनी आपला नकाशा ताडून पाहिला. जुळत नव्हतं. आयरिश नकाशात दिवाणखाना दक्षिणेला, त्यांच्यात उत्तरेला.

"यांनी घर उलटं बांधलंय," ते मला म्हणाले. "दिशा चुकवली. लिही हे."

मी लिहिलं. मूळ आराखड्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला ही इमारत बांधली गेली, असं वाक्य होतं. पानभर मापांमध्ये ती एकच बातमी होती आणि मी ती पहिल्या परिच्छेदात घेतली. तीन वर्षं मी या देशात राहत होते. भाड्याचं घर शोधताना खोल्या उत्तरेला आहेत का, हे मी स्वतः विचारत असे. बाणाखाली बाबांची सही होती, म्हणून मी दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेतली नाही. पुण्यात एकाच सूत्राच्या भरवशावरची बातमी मी परत पाठवत असे.

अहवाल कौन्सिलकडे गेला. त्याच फायलीत बाईंचं हाताने लिहिलेलं एक पत्र होतं. त्यात त्यांनी लिहिलं होतं: मला घराचा उत्तरेकडचा भाग राखायचा आहे, मी तिथेच राहते आणि तिथेच राहीन.

मे महिन्याच्या मध्यावर एका शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा टेबलावर स्कोन, म्हणजे लहान गोल पाव, होते, पीचच्या फोडी होत्या, आणि मधे एक उघडं पाकीट होतं.

"वाचा," बाई मला म्हणाल्या.

वारसा विभागाच्या अधिकाऱ्याने आभार मानले होते. घराचा दर्शनी भाग राखण्याची इच्छा आपण लेखी कळवलीत, त्यामुळे निर्णय सोपा झाला, असं पत्रात होतं. सोबत बाबांच्या नकाशाची प्रत जोडलेली होती. त्यावर स्वयंपाकघर, कोठी, धुण्याची खोली आणि तिन्ही लहान खोल्या तिरप्या रेघांनी भरल्या होत्या. खाली लिहिलं होतं: उतरवण्याचा भाग.

"मी म्हटलं, माझी इच्छा मला विचारल्याशिवाय बदलली कशी," बाई म्हणाल्या. "मग नकाशा बघितला. त्यात माझं स्वयंपाकघर दक्षिणेला आहे. साठ वर्षं मी या खुर्चीत उन्हात बसतेय, इन्स्पेक्टर. माझा सूर्य तुम्ही कुठे नेऊन ठेवलात?"

बाबांनी चष्मा लावला. नकाशा बघितला. मग उठून मागच्या अंगणात गेले. एक वाजला असेल. सूर्य लोकर कातरायच्या शेडच्या वर होता. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली, नेहमीसारखी. मग वळून त्याच्याकडे तोंड केलं, आणि हात डोळ्यांवर धरून उभे राहिले. खिडकीतून मला त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. ते आत आले तेव्हा बाईंनी स्कोनला लोणी लावून ठेवलं होतं.

"मॅडम, आय हॅव नो एक्सक्यूज," ते म्हणाले.

"बसा. खा आधी. निर्णय पत्राने झाला ना, मग पत्रानेच मोडेल."

परतताना बाबांनी माथ्यावरच्या वळणाला गाडी थांबवायला सांगितली. तिथे थर्मास उघडला. "ज्याने घर बांधलं," ते म्हणाले, "त्याने नुसता कागद बघितला, वर बघितलंच नाही. आणि मी वर बघितलं तर..." त्यांनी कपातला चहा संपवला. मग विचारलं, "तुला ठाऊक होतं ना, सूर्य इकडे उलटा असतो ते?"

"होतं."

"मग विचारलं का नाहीस मला?"

मी गाडी सुरू केली.

सोमवारी मी एका पानाची दुरुस्ती लिहिली. वृत्तपत्रात खुलासा आतल्या पानावर, तळाशी जातो. हा मी अहवालाच्या अगदी वर लावला. आठवडाभरात अधिकाऱ्याचं उत्तर आलं. आभार मागे घेतले होते. मात्र पुढचा भाग राखावा हे विभागाचं मत कायम होतं, आणि कारणही दिलं होतं: आयर्लंडमधलं मूळ घर आता अस्तित्वात नाही. ते खरं होतं. बाईंच्या कपाटात त्याचा एक फोटो होता. छप्पर नसलेल्या चार जळक्या भिंती आणि खिडकीत उगवलेलं झाड. म्हणजे त्या घराची जगात उरलेली एकमेव प्रत ही लाकडी नक्कल होती. जुलैमध्ये जागेवर बैठक होणार होती. मागचा भाग का राखावा, त्याची कारणं तिथे मांडायची होती.

"नुसता बाण फिरवून चालणार नाही," बाबा म्हणाले. "सगळी शीटं नव्याने करायची."

जूनमध्ये त्यांनी खडू आणला. दर शनिवारी दहा, बारा आणि दोन वाजता ते दोन्ही भागांतल्या प्रत्येक खोलीत जात आणि जमिनीवर जिथपर्यंत ऊन पोचलं असेल तिथे रेघ मारत, मग तिचं अंतर मोजत. पुढच्या भागातल्या दक्षिणेकडच्या खोल्यांत रेघ मारायला काही नव्हतं. तिथे त्यांनी शून्य लिहिलं, तीन वेळांना तीन शून्यं. शेडमधला थर्मामीटर आणून त्यांनी दिवाणखान्यात खिळ्याला अडकवला. दुपारी बारा वाजता सहा अंश होते. पुतण्याने बघून म्हटलं, "स्वीट ॲज, कापलेली मेंढी इथेच टांगतो." झकास म्हणायचा तो इथला शब्द बाबांना आवडला. रात्री पुण्याला काकांना फोनवर ते म्हणाले, "इकडे सगळं स्वीट ॲज आहे." सगळं तसं नव्हतं.

स्वयंपाकघरात खडूची रेघ मारताना त्यांना फळ्यांवर ओरखडे दिसले. दोन-दोनच्या जोड्यांनी, कोठीच्या दारापासून भांड्यांच्या कपाटापर्यंत, कमानीसारखे वळत गेलेले. त्यांनी मला बोलावलं.

"हे काय आहे?"

"खुर्ची," बाई चुलीपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "त्याआधी सासूची खुर्ची. तिच्याआधी तिच्या सासूची असेल. पुसायचे आहेत का?"

"नो, नो मॅडम," बाबा घाईने म्हणाले. त्यांनी गुडघे टेकले आणि ओरखड्यांची मापं घेतली. बारा वाजताची खडूची रेघ आणि ओरखड्यांची मधली जोडी यांत एका वितीचं अंतर होतं. ते सगळं सातव्या शीटवर उतरलं. त्या महिन्यात ऑकलंडच्या पापाटोएटोहून माझ्या मैत्रिणीने पातळ पोहे पाठवले होते. बाबांनी चिवडा करून डब्यातून नेला. बाई तो चमच्याने खात आणि शेंगदाणे बाजूला काढून शेवटी खात. टेबलावर एकीकडे ट्रेसिंग पेपर, दुसरीकडे डबा, मधे उन्हाचा चौकोन.

बैठक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. अधिकारी, इंजिनिअर, पुतण्या, बाई, बाबा आणि मी. अधिकारी तरुण होता, आणि "किया ओरा" म्हणून त्याने सर्वांशी हात मिळवले. बैठक दिवाणखान्यात घ्यावी असं त्यानेच सुचवलं. पंचवीस मिनिटं तो छताच्या नक्षीबद्दल, वाळूच्या रंगाबद्दल आणि वाकवलेल्या चौकटींबद्दल बोलला. सगळं बरोबर होतं. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ येत होती आणि त्याने कोट काढला नव्हता.

"तुमचं झालं असेल तर," बाई म्हणाल्या, "चहा स्वयंपाकघरात आहे. इथे आणला तर बर्फ होईल."

उरलेली बैठक स्वयंपाकघरात झाली. अधिकाऱ्याने कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. बाबांनी शीटं एकामागून एक मांडली. अधिकाऱ्याने तीन शून्यं असलेलं शीट बराच वेळ बघितलं, मग सातवं बघितलं, मग वाकून जमिनीवरचे ओरखडे बघितले.

"आणि हे आठवं?"

आठव्या शीटवर घराचा फक्त मागचा भाग होता. त्याच्या उत्तरेच्या भिंतीत, दोन उंच लहान खिडक्यांच्या जागी, दिवाणखान्याची अर्धगोल खिडकी काढलेली होती. उंची थोडी कमी केलेली, चौकटी त्याच. भिंत उभी कापून दाखवणाऱ्या छेदात सूर्याची तिरपी रेघ खिडकीच्या डोक्यावरून जमिनीवर आली होती आणि तिच्या टोकाशी आकडा होता: जून, दुपारी सूर्य सर्वांत उंच असताना, पाच मीटर शहाऐंशी. कोपऱ्यात उत्तरेचा बाण, बरोबर दिशेने, नेहमीपेक्षा जाड.

"हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नो सर," बाबा म्हणाले. "मला यातलं कुणीच काहीच सांगितलं नव्हतं. टाइम होता."

इंजिनिअर हसला. बाई हसल्या नाहीत. त्या आठव्या शीटकडे बघत होत्या. "ही खिडकी," त्यांनी बोट ठेवलं, "मी साठ वर्षं पुसली आहे. आतून पुसली तरी तिच्यात फक्त ढग दिसायचे."

निर्णयाचं पत्र दोन आठवड्यांनी आलं. पुढच्या भागाची संपूर्ण नोंद करून तो हाताने, फळी न फळी सुटी करत उतरवावा. मागचा भाग राखावा. दिवाणखान्याची खिडकी मागच्या भागाच्या उत्तर भिंतीत बसवावी, सोबत जोडलेल्या आठव्या शीटप्रमाणे. पुतण्याने फोनवर ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाला की वृद्धाश्रमात सांगून टाकलंय, खोली नको.

ऑगस्टमध्ये बाबांचा व्हिसा संपला. जायच्या आदल्या शनिवारी बाईंनी बोळातल्या घंटांच्या पाटीवरून 'दिवाणखाना' लिहिलेली घंटा स्क्रू काढून सोडवली आणि त्यांना दिली. "आता तिथून कुणी बोलावणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुण्यात वाजवा. मी येणार नाही." घंटा सामानात ठेवली तर वजन जास्त झालं, म्हणून बाबांनी एक स्वेटर माझ्याकडे ठेवला.

पुढचा भाग २०१५ च्या उन्हाळ्यात उतरवला. मी दोन शनिवारी गेले. फळ्या सुट्या झाल्या तेव्हा वाळूच्या रंगामागे लाकूड तांबडं आणि कोरडं निघालं, कालच कापल्यासारखं. नऊ पायऱ्या शेवटपर्यंत राहिल्या. काही दिवस त्या चढून गेलं की समोर गवत होतं. खिडकी बसायला पुढचं वर्ष उजाडलं. वाकवलेल्या चौकटी सोडवणारा सुतार मिळायला वेळ लागला. बाबांना मी फोटो पाठवत राहिले. ते परत आले नाहीत; त्यांच्या डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला नको म्हटलं. प्रत्येक फोटोवर त्यांचा एकच प्रश्न येई: ऊन कुठपर्यंत?

फोटोवरून ते सांगता येत नव्हतं. आणि मी जाई तेव्हा कधी पाऊस असे, कधी महिना दुसरा असे.

२०१९ च्या जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या दुसऱ्या दिवशी, आभाळ स्वच्छ होतं. बाई एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. वेताची खुर्ची अर्धगोल खिडकीच्या मधोमध होती, आणि पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे आता ती दिवसभर तिथेच असते. बाबांचा टेप माझ्याकडे राहिलेला होता. सव्वाबारा वाजता मी बाबांना फोन लावला. पुण्यात पहाटेचे पावणेसहा झाले होते.

"इन्स्पेक्टर आहेत का?" बाईंनी विचारलं. "त्यांना सांग, खुर्ची सरकवत नाही मी आता."

मी सांगितलं.

"ते राहू दे. टेपचं टोक चौकटीच्या आतल्या कडेला धर," बाबा म्हणाले. "बाहेरच्या नाही. आतल्या."

मी टोक आतल्या कडेला धरलं. दुसरं टोक पुतण्याने उन्हाच्या रेघेवर नेलं. ओरखडे तिच्या अलीकडे होते.

आठव्या शीटवर पाच मीटर शहाऐंशी होतं. अंतर पाच मीटर ब्याऐंशी भरलं.